मदत हवी आहे : पासाउ ते व्हिएन्ना, डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग, ६९ वर्षांच्या वडिलांना कोणत्या तीराने न्यावे?

नमस्कार.

येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी, माझे वडील (वय ६९) आणि माझा मुलगा (वय ११) असे तिघे जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलने जाण्याचा बेत आखत आहोत. अंतर सुमारे ३२० किलोमीटर असून त्यासाठी आम्ही सात दिवस राखून ठेवले आहेत. सायकली पासाउला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत करायच्या आणि सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवणारी सेवा घ्यायची, इथपर्यंत आमचे ठरले आहे.

वडिलांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण खरा प्रश्न त्यांच्यामुळेच उभा राहिला आहे. त्यांनी चिंचवडला एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि त्यातली पहिली बारा वर्षे ते पुण्याहून रोज सायकलनेच कामावर जात असत. पुढे स्कूटर आली आणि सायकल माळ्यावर गेली, ती गेल्या दिवाळीपर्यंत. आता ते रोज सकाळी वीस किलोमीटर चालवतात, डॉक्टरांची संमतीही घेतली आहे. बॅटरीवरची सायकल घ्यावी असे मी सुचवले, तेव्हा ‘मोटर लावायची तर सायकल कशाला?’ एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. त्यामुळे चढ आणि वाहनांची वर्दळ या दोन गोष्टी शक्यतो टाळणे मला भाग आहे.

चढाची चिंता वाचनानंतर बरीच कमी झाली. हा मार्ग पुष्कळ ठिकाणी ज्या जुन्या वाटेवरून जातो, तिच्यावरून एके काळी घोडे प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेत असत. त्यामुळे ती पाण्याला लागून आणि जवळजवळ सपाट आहे, आणि आज तिच्यावर बहुतेक ठिकाणी डांबर आहे. शिवाय पश्चिमेकडून पूर्वेकडे गेल्यास प्रवाहाची दिशा आणि तिकडचा नेहमीचा वारा दोन्ही आपल्या पाठीशी राहतात, असे समजते.

अडचण आहे ती तीराची. बऱ्याच टप्प्यांत नदीच्या दोन्ही बाजूंना सायकलमार्ग आहेत आणि नकाशावर ते सारखेच दिसतात. परंतु एक शांत शेतांतून जातो आणि दुसरा मोटारींच्या रस्त्याला चिकटून, असे ज्यांनी प्रवास केला ते लिहितात. कोणत्या टप्प्यात कोणता तीर धरावा आणि नदी कुठे ओलांडावी, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील. दुसरे असे की तिथे वाहतूक उजवीकडून चालते, आणि बाबांचा हात साठ वर्षांच्या सवयीने डावीकडे वळतो. यावर कोणी काही उपाय केला आहे का? तिसरा प्रश्न जेवणाचा : आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, अंडी चालतात.

प्रतिसाद १

मी म्युनिकला राहतो. हा मार्ग दोनदा केला आहे, त्यातला एकदा आईवडिलांना घेऊन, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड केले असता उजव्या हाताला येतो तो उजवा तीर, हे धरून पुढचे वाचावे.

पासाउहून निघताना डावा तीर घ्या, कारण उजवीकडची वाट मोटाररस्त्याच्या सोबतीने जाते. श्लोगेनजवळ नदी ग्रॅनाइटच्या डोंगरात अडून जवळजवळ उलटी वळते आणि तिथे डाव्या तीरावरची सायकलवाट खुंटते. ‘आउ’ या वस्तीवरून छोट्या होडीने पलीकडे श्लोगेनला जावे लागते. पहिला मुक्काम तिथेच करावा, अंतर सुमारे ४२ किलोमीटर भरते. वळण वरून पाहायचे असेल तर सायकली खाली ठेवून अर्धा तास चढावे लागते, आणि ती चढण बऱ्यापैकी खडी आहे. बाबांना आग्रह करू नका, मुलाला मात्र अवश्य न्या.

दुसऱ्या दिवशी लिंत्स. तिथून ग्राइनपर्यंत डावा तीर चांगला आहे. वाटेत माउटहाउझेन लागते. तिथले नाझी छळछावणीचे स्मारक गावाच्या वर टेकडीवर आहे. ते पाहायचे तर वेगळा वेळ काढून आणि मुलाशी आधी बोलून जावे, सायकलप्रवासातला एक थांबा म्हणून नव्हे.

ग्राइननंतर खोरे अरुंद होते आणि डावीकडची वाट मोटाररस्त्याला लागून जाते, तेव्हा नदी ओलांडून उजवा तीर धरा आणि मेल्कपर्यंत सोडू नका. याचा आणखी एक फायदा असा की यब्स, प्योखलार्न आणि मेल्क ही रेल्वे स्थानके याच बाजूला आहेत. कोणी थकले किंवा पाऊस लागला तर गाडी हाताशी असते.

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाउ खोरे, जे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. घाईचे लोक तो तीन तासांत उरकतात. तुम्ही पूर्ण दिवस द्या. आर्न्सडोर्फपर्यंत उजव्या तीराने जा आणि तिथून श्पित्सला फेरीबोटीने नदी ओलांडा. तुमचे वडील फिटर होते म्हणून मुद्दाम सांगतो : या फेरीला ढकलायला इंजिन लागत नाही. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला असतो, फेरी त्याला अडकवलेली असते आणि सुकाणू वळवून ती प्रवाहाला तिरकी धरली की पाणीच तिला पलीकडे नेते. माझे वडील दोनदा विनाकारण पलीकडे जाऊन आले. श्पित्सपासून डाव्या तीराने द्राक्षमळ्यांतून ड्युर्नश्टाइन गाठता येते, जिथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात कैदेत होता. इथे थोडे चढउतार आणि दगडी फरसबंदी आहे. बाबांनी तेवढ्यापुरते उतरून चालावे.

क्रेम्सच्या पुढचा भाग सपाट आणि काहीसा एकसुरी आहे. दिवस कमी पडले तर क्रेम्स किंवा टुल्नहून रेल्वेने व्हिएन्ना गाठण्यात काहीच कमीपणा नाही. वाट पाण्याला इतकी लागून आहे की पूर आला की ती बुडते आणि फेरीबोटीही थांबतात, तेव्हा निघण्याआधी पाण्याची पातळी पाहत जा.

उजव्या बाजूबद्दल : मुलाला पुढे, बाबांना मध्ये आणि स्वतःला मागे ठेवा. पुढचा उजवीकडे राहिला की मागचा आपोआप राहतो. खरा धोका थांबून पुन्हा निघताना असतो, त्या क्षणी हाक द्या. ऑस्ट्रियात १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे.

आणि एक महत्त्वाचे. तिकडच्या भाड्याच्या सायकलींना बऱ्याचदा मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक असतो आणि पायडल उलटे फिरवले की तो लागतो. आपल्याकडे उतारावर सहज पायडल उलटे फिरवण्याची सवय असते. माझे वडील पहिल्याच दिवशी त्यामुळे पडता पडता वाचले. नोंदणी करतानाच दुसरा प्रकार मागा.

प्रतिसाद २

फक्त जेवणाविषयी. पॅनकेकच्या पट्ट्या घातलेले सूप शाकाहारी दिसते, पण ते गोमांसाच्या पाण्यात केलेले असते, म्हणून विचारल्याशिवाय सूप घेऊ नये. चीज घातलेले श्पेट्झले (पीठ आणि अंड्याचे शेवयांसारखे छोटे तुकडे) सहज मिळते आणि पोटभरीचे असते. वाखाउ जर्दाळूंसाठी प्रसिद्ध आहे. ताजे फळ जुलैत येते, तरी जर्दाळू भरलेले उकडीचे गोळे सप्टेंबरातही खायला मिळतात. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, शनिवारीच पाव, चीज आणि फळे घेऊन ठेवा.

व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे करा, कारण जास्त रात्री तिथे आहेत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मुक्काम आता श्लोगेन, लिंत्स, ग्राइन, मेल्क आणि क्रेम्स असे ठरवले असून वाखाउसाठी पूर्ण दिवस ठेवला आहे. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. फेरीबद्दल त्यांनी कागदावर आकृती काढली आणि बॅटरीचा विषय पुन्हा निघू नये एवढे मला बजावले.

हबमधल्या ब्रेकविषयी मात्र त्यांना एक शंका आहे, ती त्यांच्याच शब्दांत मांडते : ‘पायडलवर लागणारा ब्रेक म्हणजे चेनवर अवलंबून, मग चेन उतरली की मागचा ब्रेक गेलाच ना? पुढचा हाताचा ब्रेक त्या सायकलींना असतो की नाही, तेवढे विचार.’