धातू दसपट ताणला जातो म्हणे, खरं का?

थर्डइयरवाला: काल प्रॅक्टिकलला यूटीएमवर (धातू ओढून तपासायचं मशीन) माइल्ड स्टीलचा तुकडा लावला, 50 मिमी गेज लेंथ (खुणा करून मोजलेली लांबी) तुटेपर्यंत 64 झाली, म्हणजे 28 टक्के, मग मधे मान बारीक झाली आणि फाडकन तुटला, मी दचकलोच. सर म्हणाले हे काहीच नाही, काही धातू दहापट ताणले तरी तुटत नाहीत. तेवढ्यात तास संपला. फेकत होते का?

सराफकट्टा: फेकत कशाला असतील, सोनं बघ ना. एका ग्रॅमची दोनेक किमी तार निघते. आमच्या आजोबांचं जंतर अजून घरात आहे, भोकाभोकांची पोलादी पट्टी, आधी मोठ्या भोकातून तार ओढायची मग त्याहून बारीक, मधेमधे ताव द्यायचा.

सावकाश_ओढा: सराफकट्टा, जंतर भारीच, पण ते उदाहरण इथे बसत नाही. जंतरात भोकाच्या कडा तारेला चहूबाजूंनी दाबतात म्हणून ती तुटत नाही. तेच सोनं यूटीएमवर नुसतं ओढलंत तर तेही मान काढून तुटणार, दसपट वगैरे विसरा.

सर बोलत होते ते सुपरप्लास्टिसिटीबद्दल, म्हणजे धातू न तुटता कित्येकपट ताणला जाणं. 1934 साली इंग्लंडात पीअरसनने बिस्मथ-कथलाचा मिश्रधातू 1950 टक्के ताणला, म्हणजे मूळ लांबीच्या साडेवीसपट! गंमत मानेतच आहे. तुझ्या स्टीलला मान पडली की तिथलंच क्षेत्रफळ घटतं, सगळा भार तिथेच येतो आणि खेळ खलास. या धातूंत मान पडायला लागली की तिथे ताणायचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तेवढाच भाग जास्त ताठ होतो, मग तो थांबतो आणि बाजूचे ताणले जातात. चिक्कीचा गरम पाक ओढून बघ, तसंच.

पण अटी आहेत. कण (धातूच्या आतले स्फटिक) बारीक हवेत, साधारण 10 मायक्रॉनच्या आत, कारण ते एकमेकांवरून घसरतात, रेतीच्या पोत्यासारखे. तापमान वितळबिंदूच्या निम्म्याहून जास्त, केल्व्हिनमधे मोजायचं हां. आणि ओढायचं अगदी हळू, घाई केली की साध्या धातूसारखा तुटतो.

थर्डइयरवाला: ओह म्हणजे सर बरोबर होते 😅 पण याचा उपयोग काय? एवढं हळू कोण करत बसणार

शॉपफ्लोर_नाशिक: विमानवाले बसतात. टायटॅनियमचा पत्रा (6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियमवाला) 900 डिग्रीच्या आसपास तापवायचा आणि वरून आर्गॉनचा दाब द्यायचा, पत्रा फुग्यासारखा फुगून साच्यात बसतो. साध्या प्रेसला एक ठोका पुरतो, इथे एका पार्टला कधी अर्धा तास, कधी जास्त. म्हणून गाड्यांच्या दरवाज्यांना सहसा कोणी वापरत नाही, पण गुंतागुंतीचा आकार एका तुकड्यात निघतो, रिव्हेट वाचतात, वजन वाचतं. आणि आर्गॉनच का, तर तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं.

थर्डइयरवाला: घरी करून बघता येईल का काही? भट्टी नाहीये

सावकाश_ओढा: शिसं-कथलाची 63/37 सोल्डर वायर बघ. ती 183 डिग्रीला वितळते म्हणजे 456 केल्व्हिन, खोलीतले 300 म्हणजे निम्म्याच्या बरेच वर आलो, भट्टी लागतच नाही. हलकं वजन टांगून ठेव आणि रोज मोज. दसपटीची आशा धरू नकोस, आत फ्लक्सची (डाग नीट बसावा म्हणून भरलेलं रसायन) पोकळी असते. गाठ मारू नकोस, तिथेच तुटेल, लाकडाच्या दोन फळ्यांत चिमटून धर. आणि शिसं आहे, हात धुवून मगच जेव.