गावानं गावासाठी चालवलेलं : खानदेशातले अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनो, लिहा. योजनेच्या पाट्या राहू द्या. गावकीनं, गल्लीनं आपलं आपण चालवलेलं काही पाहिलंय का? बंद पडलं असेल तर का पडलं, तेही सांगा. कौतुकसोहळा नको.

पांझराकाठ
आजोबांची जमीन फडात होती, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटायच्या जुन्या पद्धतीत. साक्री-धुळे पट्ट्यात पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांच्या पाटावर फडबागायत शेकडो वर्षं चालत आली. शिवाराचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू. पुढच्या साली पिकांची जागा बदलते. बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवतात, त्याची झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसते.

यातला खरा माणूस पाटकरी. शेताला पाणी मालक भरत नाही, पाटकरी भरतो, सगळ्यांची शेतं ओळीनं. रात्री चोरून पाट फोडायचं कारणच उरत नाही. जागल्या पिकं राखतो, दोघांवर हवालदार, त्याच्यावर पंच. यांची मजुरी जमिनीच्या हिशोबात सगळे मिळून देतात. आजोबांच्या वेळी धान्यच द्यायचे. पाटातला गाळ काढायलाही घरोघरचा माणूस जायचा.

मग वरच्या अंगाला धरणं झाली, नदीची धार आटली. विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याचं पाणी स्वतःचं, तो पंचांचं कशाला ऐकेल? काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतात. आमच्या बाजूला पाट आहे, पाटकरी नाही.

सुरतेहून
पांझराकाठभाऊ, फड चांगलाच, पण त्यात भूमिहीनाला काय होतं? जागल्याची नोकरी! आमचं घर तेच करायचं. गाव स्वयंपूर्ण होतं म्हणतात, तेव्हा कोणाचं होतं तेही विचारा. मी सुरतेला आलो, महिन्याला पगार मिळतो, कोणाच्या खळ्यावर उभं राहावं लागत नाही.

पांझराकाठ
दादा, बरोबर आहे. पंचांत तुमच्या घरचं कोणी नव्हतं, हे मी लिहायलाच हवं होतं.

भुसावळची सून
माझा अनुभव गल्लीपुरता. अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या आधी उडदाचे पापड. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पोळपाट-लाटणं जिचं तिनं आणायचं. पीठ बत्त्यानं कुटून कुटून हात भरून येतात, मग तेल लावून लांब वळी करायची आणि लाट्या दोऱ्यानं कापायच्या. सुरीनं कापल्या तर चिकटतात. पैसे कोणी घेत नाही, पण कोण आली नाही ते सगळ्यांना पाठ असतं!

पुढे आम्ही बचत गट करून पापड विकायला लागलो. लाटणं जमलं, उधारी वसूल करणं जमेना. ओळखीच्या दुकानदाराकडे पैसे मागायचे कोणी? शेवटी गल्लीतल्या सगळ्यात फटकळ जाऊबाईंकडे वही दिली. गट टिकलाय तो त्यांच्या तोंडामुळे.

साक्रीकर
बारीपाड्याचं नाव कोणी घेतलं नाही अजून? साक्री तालुक्यातला कोकणा आदिवासींचा पाडा. उजाड झालेलं जंगल गावानं राखून परत आणलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडली तर दंड. यात पुढे असलेल्या गावच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. बाया जंगलातून भाज्या आणून रांधतात. तेरा, टाकळा, बांबूचे कोवळे कोंब, आणि अशा कितीतरी ज्यांची नावं मला पुन्हा पुन्हा विचारावी लागली. एकदा जाऊन जेवाच.

सुरतेहून
दंड गावातल्या वजनदार माणसालाही होतो का तिथे?

साक्रीकर
माझ्या सोयऱ्यानं सांगितलेलं आहे, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण नियम सगळ्यांना एकच म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात जाणार आहे, विचारून येतो. तुम्ही सुट्टीवर असाल तर चला सोबत.