मदत हवी आहे: आईचा डिमेन्शिया, खर्च आणि भावंडं

नमस्कार. आईला (वय ७४) अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार आहे, निदान होऊन तीन वर्षं झाली. दिवस कसाबसा निघतो, पण संध्याकाळ झाली की ती कासावीस होते. पर्समधले तेच चार कागद काढते, घडी घालून परत ठेवते आणि मला विचारते, "बाई, माझी मुलगी कधी येणार?" मी समोरच बसलेली असते.

दिवसाच्या मदतनीस बाई आणि औषधं यांत बाबांची पेन्शन संपते. रात्रीची जागरणं माझ्याकडे, म्हणून नोकरी अर्धवेळ केली. भाऊ म्हणतो, "तू घरीच तर असतेस." जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ मध्ये डिमेन्शियाच्या जगभरातल्या खर्चाचा जवळजवळ निम्मा वाटा घरच्यांच्या बिनपगारी सेवेचा होता. त्याला हे कसं पटवू?

भावंडांत पैशाची आणि वेळेची वाटणी तुम्ही कशी केलीत? आईला समजून सही करता येतेय तोवर बँकेची, मालमत्तेची कोणती कामं आधी उरकावीत? शिवाय रुग्णाला आठ-दहा दिवस सांभाळणाऱ्या केंद्राचा कुणाला अनुभव आहे का? परवा मी तिच्यावर ओरडले. ती घाबरून भिंतीकडे सरकली. ते डोळ्यांसमोरून हलत नाही. कृपया सांगा.