मदत हवी आहे: ब्रिज मोड झाला म्हणतात, पण माझ्या राउटरवरून पीपीपीओई जुळत नाही

निळीकेबल
मंडळी, फायबरचं कनेक्शन आहे. कंपनीच्या डब्यात ओएनटी (फायबरमधला प्रकाश नेटवर्कच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) आणि वायफाय राउटर एकत्रच आहेत. त्याच्या पहिल्या लॅन पोर्टमधून माझ्या ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) राउटरच्या वॅनला, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टला, केबल. बाहेरून व्हीपीएनने घरचं नेटवर्क गाठायचंय, दोनदा नॅट (अनेक उपकरणं एकाच आयपी पत्त्यामागे ठेवणं) नको, म्हणून कंपनीकडून ब्रिज मोड (डबा फक्त सिग्नल पुढे देतो, लॉगिन माझा राउटर करतो) मागून घेतला. पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचे, युजरनेम-पासवर्ड दोनदा तपासले. लॉगमध्ये मात्र सारखी एकच ओळ: 'टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स'. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) बंद. वॅन डीएचसीपीवर (आयपी आपोआप घेण्यावर) ठेवून पाहिला तर १९२.१६८.१.५ मिळतो. चुकतंय कुठे?

लॉगवाचक
पासवर्डचा नाद सोडा. राउटर आधी "कुणी आहे का?" अशी हाक मारतो, पाडो म्हणजे त्या हाकेला पलीकडून आलेली ओ. तुम्हाला ओच मिळत नाहीये, म्हणजे पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी गेलेलीच नाही. तो चुकला असता तर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं असतं.

पॉन हिरवा, म्हणजे काचेच्या तारेची बाजू ठीक. उरली दोन कारणं: ब्रिज त्या पोर्टला बांधलेला नाही, किंवा व्हीलॅनचा (एकाच तारेतली वाहतूक आकड्याचा टॅग लावून वेगळी ठेवण्याचा) घोळ. ओएनटीचं वॅन पान उघडा आणि काहीही बदलण्याआधी फोटो काढून ठेवा. तीन गोष्टी बघा: कनेक्शनचा प्रकार ब्रिज आहे का, व्हीलॅन आयडी किती, आणि पोर्ट बाइंडिंगमध्ये लॅन-१ वर टिक आहे का. व्हीलॅनचा टॅग ओएनटी स्वतः लावत असेल तर तुमच्या राउटरवर लावू नका, दोन टॅग लागले की पुन्हा हाच टाइमआउट. ओएनटी लावत नसेल तरच तुमच्याकडे वॅन डिव्हाइस 'ईथ१' ऐवजी 'ईथ१.' आणि पुढे तो आकडा.

लँडलाइन त्याच डब्यातून असेल तर व्हॉइसची वेगळी नोंद दिसेल, तिला हात लावू नका. आणि मागचं रीसेटचं भोक तर अजिबात दाबू नका. नोंदणीची माहिती पुसली गेली तर पॉनसुद्धा जाईल.

वायरबंडल
भर: ओएनटीवर जुनी पीपीपीओई नोंद चालू राहिली असेल तर काढून टाका. बऱ्याच ठिकाणी एका खात्यावर एकच सेशन चालतं. जुनं सेशन लटकलेलं राहिलं की बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जातो. डबा १० मिनिटं बंद ठेवून मग डायल करा. तरीही नकारच आला तर खात्याला मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) बांधलेला असू शकतो, जुन्या डब्याच्या वॅनचा मॅक क्लोन करा.

निळीकेबल
लॅन-१ वर टिकच नव्हती! केली आणि लगेच जुळलं. आता दोन नवीन भानगडी. वायफायवर काही साइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, पण राउटरवरूनच त्या साइटवरचं पान डाउनलोड केलं तर व्यवस्थित होतं. दुसरं, वॅनचा आयपी १००.७२ ने सुरू होतो. पीपीपीओईसाठी फायरवॉल झोन (नियमांचा गट) नवा केलाय, मास्करेडिंग (म्हणजे नॅटच) चालू आहे.

लॉगवाचक
राउटरवरून चालतं आणि मागच्या उपकरणांवर अडकतं, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी). पीपीपीओई ८ बाइट खातो, म्हणून १५०० चे १४९२ उरतात. राउटरला ते ठाऊक असतं, लॅपटॉपला नाही. तो १५०० धरून बोलतो आणि समोरून येणारं मोठं पॅकेट वाटेत गळतं. नव्या झोनमध्ये मास्करेडिंगच्या शेजारीच 'एमएसएस क्लॅम्पिंग' असतं, ते टिक करा. मूळच्या वॅन झोनला ते आधीपासून असतं, तुमच्या हाताने केलेल्याला नाही. मग टीसीपीच्या एका पॅकेटमधला डेटा १४५२ बाइटपर्यंतच ठेवला जाईल. खात्रीसाठी लॅपटॉपवरून तुकडे न पाडण्याची अट घालून पिंग करा: १४६४ जायला हवं, १४६५ नाही.

वायरबंडल
१००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटचा, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवते त्याचा. तुमच्या घरातलं एक नॅट गेलं, कंपनीकडचं आहेच. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. (खरं तर ब्रिजच्या खटपटीआधी हेच बघायचं असतं.) सार्वजनिक आयपी मागा, किंवा आयपीव्ही६ चा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) मिळत असेल तर वायरगार्ड (व्हीपीएनची प्रणाली) त्यावर चालवा. तसं केलंत तर वायरगार्डचा एमटीयू नेहमीच्या १४२० ऐवजी १४१२ ठेवा, नाहीतर तेच अर्ध्यावर अडकणं बोगद्यातही दिसेल.

निळीकेबल
टिक केली, साइट उघडल्या. आयपीव्ही६ चा /५६ प्रीफिक्स मिळतोय, त्यावरच करतो. शेवटचं: ब्रिजनंतर ओएनटीचं पान उघडत नाही.

लॉगवाचक
त्याच वॅन डिव्हाइसवर दुसरा इंटरफेस करा, स्टॅटिक १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा, झोन तुमचा पीपीपीओईवालाच. फक्त तुमची लॅन १९२.१६८.१ मध्ये नको, ती १९२.१६८.१० वर न्या. मग १९२.१६८.१.१ उघडेल.