रामटेकचा खासदार परराष्ट्रमंत्री होता, विसरलात काय?

धरमपेठी (मूळ पोस्ट): परराष्ट्र मंत्रालय बंद करा. निर्णय सगळे पंतप्रधान कार्यालयात होतात, मंत्री फक्त हस्तांदोलनाला. नागपूरच्या माणसाला त्या खात्याचा पासपोर्टापलीकडे संबंध काय?

सीताबर्डीकर: सकाळी हे वाचलं आणि राग गेलेला नाही, म्हणून लांब लिहितोय. पंतप्रधानांनी ठरवणं हे आजचं नाही. नेहरूंनी 1964 पर्यंत हे खातं स्वतःकडेच ठेवलं होतं. स्वर्णसिंग वेगळे मंत्री झाले ते शास्त्रीजींच्या काळात. खात्याचं मूळ तर 1783 सालचं, कंपनीनं कलकत्त्यात काढलेल्या विभागाचं. भोसल्यांच्या नागपुरात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, असलेला एल्फिन्स्टन इथलं काम सोडूनच 1808 मध्ये काबूलच्या वकिलातीवर गेला. म्हणजे संबंध जुना आहे, आणि आपल्याला महागात पडलेला आहे.

राहिला उपयोग. 1990 मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा माझा थोरला भाऊ तिथे वायरमन होता. मालक पासपोर्ट घेऊन पळाला. भाऊ कसाबसा अम्मानला पोचला. वकिलातीनं आउटपास, म्हणजे पासपोर्टाऐवजी परतीचा कागद, हातात ठेवला, एअर इंडियाच्या विमानात बसवलं. अशी दीड लाखावर माणसं आणली. कागद तपासणारी, याद्या करणारी, रात्र रात्र जागणारी माणसं याच खात्याची होती. आमची आई तोवर नीट जेवलीसुद्धा नव्हती.

इतवारीवाला: त्याची किंमतही सांगा. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले, सद्दामनं त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला. आक्रमणाला आक्रमण म्हणायला आपण कचरलो. आणि पासपोर्टाचं काय सांगता? मुलीच्या व्हेरिफिकेशनला आलेल्या शिपायानं दारातच चहापाणी मागितलं.

सीताबर्डीकर: शिपाई राज्याच्या गृहखात्याचा, तो राग तिकडे काढा. मिठी बघवत नव्हती, तेवढं मान्य. पण माणसं तिथे अडकलेली असताना खणखणीत बोलून मोकळं होता येत नाही.

रामटेककर: एल्फिन्स्टनपर्यंत काहून जाता राजेहो? नरसिंहराव 1988-89 मध्ये परराष्ट्रमंत्री होते तेव्हा आमच्या रामटेकचेच खासदार होते. आमी दोनदा निवडून देल्लं. डिसेंबर 1988 मध्ये राजीव गांधींसोबत बीजिंगला गेले, आमच्या तालुक्यात किती वेळा आले? माझ्या बापानं त्यायच्यासाठी उन्हातानात प्रचार केला.

वैनगंगा: तुमच्या बापूंच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण रावांचं शिक्षण नागपुरात झालं होतं, मराठी अस्खलित बोलायचे, तुमच्याशी बोलायला दुभाषी लागत नव्हता. सीमेचा प्रश्न चिघळलेला असताना मंत्र्यानं बीजिंग सोडून रामटेकला पाणंद रस्ते मोजावेत का?

रामटेककर: मोजावेत! मत आमी देल्लं, चीननं नाही. नागपुरात बसून गावाले हसू नका.

वैनगंगा: हसलं कोण? मीसुद्धा पारशिवनीचीच आहे. आवाज खाली ठेवा.

धरमपेठी: बघा, माझाच मुद्दा निघाला. बीजिंगचा निर्णय राजीव गांधींचा, राव सोबत गेले.

सीताबर्डीकर: निर्णय एका दिवसात होतो. त्याआधी सीमेवर चर्चेच्या फेऱ्यांमागून फेऱ्या 1981 पासून चालू होत्या. त्या कोण बसून करत होतं? आजही परराष्ट्र सेवेत अधिकारी जेमतेम हजाराच्या घरात, आणि वकिलाती जगभर पसरलेल्या. अशा खात्याला माणसं वाढवून द्यायची की कुलूप घालायचं?

धरमपेठी: कुवेतचं श्रेय देतो. माणसं वाढवा, तेही चालेल. धोरण मात्र ते खातं ठरवतं, हे मला अजून कोणी पटवलेलं नाही.

रामटेककर: धोरण राहू द्या. 1991 मध्ये पंतप्रधान झाले अन् पोटनिवडणुकीले आंध्रातल्या नंद्यालले गेले. रामटेक काहून नाही आठवलं, हे कोणी सांगन का?