‘ग्लॉसी’ बटण : चकचकीत, तुकतुकीत की झिलईदार?

प्रश्न : सांगलीतील एका संगणक-वर्गासाठी फोटोशॉप आणि गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रणालींवरील टिपणे मराठीत लिहीत आहे. संकेतस्थळांवरील काचेसारख्या बटणांच्या पाठात ‘ग्लॉसी’साठी ‘चकचकीत’ योजावा की दुसरा एखादा शब्द, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर : ‘चकचकीत’ टाळावा. त्यात घासल्याचा, स्वच्छ केल्याचा अर्थ ठळक आहे. चिंचेने घासलेला तांब्या चकचकीत होतो, झाडूनपुसून घेतलेले घरही होते, आणि दोन्हीकडे सगळाच पृष्ठभाग उजळतो. बटणाचे तसे नसते. गोल कोपऱ्यांच्या आयतात गडद-फिका ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी रंगछटा) भरल्यावर आपण निराळा लेयर (चित्रावरचा स्वतंत्र थर) घेतो, वरच्या अर्ध्या भागात पांढरा लंबगोल काढतो, त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) उतरवतो आणि कडेबाहेर गेलेला भाग कापून टाकतो. म्हणजे मूळ रंग जागच्या जागी राहून उजेडाचा कवडसा तेवढा एका बाजूला पडतो. कृष्णाकाठच्या ताज्या वांग्यावर नेमका असाच कवडसा दिसतो, आणि वांग्याला आपण तुकतुकीत म्हणतो. ॲपलने जानेवारी २००० मध्ये ‘ॲक्वा’ ही मॅक संगणकाच्या पडद्याची मांडणी दाखवली, तिच्यातील बटणांनाही हाच शब्द शोभला असता.

दुसरे मत : ‘तुकतुकीत’ रूपाचे वर्णन करतो, कृती सांगत नाही; शिवाय तो कांतीलाही लागत असल्याने टिपणात जरा लाडिक वाटेल. विद्यार्थ्याने काय करायचे ते सांगताना ‘झिलई’ अधिक नेमका आहे, कारण झिलई वरून चढवावी लागते : मातीच्या भांड्यावर, कागदावर, किंवा मिरजेच्या सतारीवर लाखेचे पॉलिश देतात तशी. त्या लेयरला ‘झिलईचा थर’ म्हटले, की तो मूळ आकारात मिसळायचा नाही हे वेगळे बजावावे लागत नाही. ‘तकाकी’ मात्र थराला म्हणू नये. थर चढल्यावर बटणाला येते ती तकाकी.

पहिले उत्तरदाते : कृतीपुरते मान्य. पाठाच्या शीर्षकात ‘तुकतुकीत बटण’ आणि सूचनांत ‘झिलई चढवणे’ असे दोन्ही ठेवता येतील. ‘चढवणे’ला ‘उतरवणे’ ही जोडी आयतीच मिळते, त्यामुळे २०१३ च्या आयओएस ७ (आयफोनची कार्यप्रणाली) नंतर रुळलेल्या सपाट बटणांचा पाठ लिहितानाही, ‘झिलई उतरवलेले बटण’ एवढे म्हटल्याने भागेल.