एकटेपणाच्या कथांवरचे चित्रपट सुचवा (आजोबा-नातू एकत्र बघणार)

रामबागकर, इंदूर:
लेकाने सुट्टीत ‘रॉबिन्सन क्रूसो’ची संक्षिप्त आवृत्ती वाचून काढली आणि आता सिनेमा हवाय म्हणून मागे लागलाय. दुपारी उन्हात बाहेर पडवत नाही, तेव्हा बाबाही बसतील सोबत. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत, त्यामुळे नुसती वादळं आणि मारामारी नको. इंग्रजी कळतं, भराभर सरकणारी सबटायटल्स मात्र वाचवत नाहीत. काय लावू?

जुनी रीळ:
ताई, दिग्दर्शक लुई बुन्युएलचा १९५४ चा ‘रॉबिन्सन क्रूसो’. मेक्सिकोत बनलाय, पण इंग्रजीत मिळतो. डॅन ओहर्लिहीला यासाठी ऑस्कर नामांकन होतं, आणि बराच वेळ पडद्यावर तो एकटाच आहे. मूळ कादंबरीकार डीफोचा क्रूसो शेती, कुंपण, हिशेब यांत गुंतलेला. बुन्युएलने त्याची तगमग दाखवलीय. कुत्रा रेक्स मरतो, मग हा दरीत धावत जातो आणि मोठमोठ्याने स्तोत्र म्हणतो, डोंगरावरून परत येणारा स्वतःचाच आवाज ऐकायला! दुसऱ्या कुठल्याही क्रूसोपटाने मला इतकं हलवलं नाही. पुढे बेटावर भेटलेल्या फ्रायडेला तो बेड्या घालतो, तिथे मात्र थांबवून मुलाशी बोला.

विजयनगर:
तो दरीचा प्रसंग बाबांना जड जाईल, ताई. मी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ (१९७५) म्हणेन, रशियन संशोधक-प्रवासी कॅप्टन अर्सेन्येव्हच्या आठवणींवरचा; देर्सू हा त्याचा म्हातारा शिकारी वाटाड्या. गोठलेल्या तळ्यावर वाट चुकते, सूर्य मावळतीला, आणि देर्सू कॅप्टनला दम खाऊ न देता गवत कापायला लावतो. मोजणीच्या यंत्राची तिवई उभी करून त्यावर ते गवत रचतात आणि रात्र काढतात. एकट्या म्हाताऱ्याला इतका मान देणारा सिनेमा विरळा. भाषा रशियन, सबटायटल्स लागतीलच; तुम्ही शेजारी बसून सांगा. उत्तरार्धात देर्सूची नजर अधू होते, तेवढं ध्यानात ठेवा.

जुनी रीळ:
पटलं. मग सुरुवात रशियन ॲनिमेशनकार पेत्रोव्हच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ने (१९९९) करा. हेमिंग्वेची गोष्ट, जेमतेम २० मिनिटं. काचेवर तैलरंगाने, बरेचदा बोटांनीच रंगवलेली चित्रं, ऑस्करही मिळालं. मुलगा आणि म्हातारा यांची माया त्यात आहे. १९५८ चा स्पेन्सर ट्रेसीचा चांगला असला तरी निवेदन फार.

रामबागकर, इंदूर:
दोघांचे मनापासून आभार! रविवारी पेत्रोव्ह लावते. ‘देर्सू’ आणि क्रूसो आधी मी एकटी बघते, मग बाबांना विचारते.